अर्थसाहाय्य : यादीपासून हातापर्यंत

पाठाविषयी

वृद्ध, विधवा, दिव्यांग आणि निराधार व्यक्तींना शासन दरमहा काही रक्कम देते. ही रक्कम कोणत्या वाटेने येते, त्या वाटेवर कोठे अडते आणि ती योग्य व्यक्तीच्या हाती वेळेवर पडावी म्हणून शासनाने व नागरिकांनी काय करावयास हवे, याचा विचार या पाठात केला आहे. पाठ वाचताना आपल्या घरातील किंवा शेजारची एखादी लाभार्थी व्यक्ती डोळ्यांसमोर ठेवावी. त्यामुळे प्रत्येक मुद्दा अधिक स्पष्ट होईल.

१. श्रमिकांच्या वस्तीतील प्रश्न

छत्तीसगड राज्यात रायपूर आणि दुर्ग या दोन शहरांच्या दरम्यान, लोहमार्गालगत भिलाई-३ ही वस्ती आहे. शेजारच्या चरोद्यासह तिचा कारभार भिलाई-चरोदा नगर निगमाकडे असतो. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभ्या राहिलेल्या भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सन १९५९ मध्ये सुरू झाली, आणि या परिसराचे रूप पालटले. कारखाना, रेल्वेचे विशाल यार्ड व त्यांच्यावर अवलंबून असलेले लहानमोठे उद्योग यांमुळे देशाच्या अनेक प्रांतांतून माणसे येथे आली. नागपूर आणि छत्तीसगड यांचा संबंध तर भोसल्यांच्या राजवटीपासूनचा. त्यामुळे मराठी कुटुंबेही येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत.

अशा औद्योगिक वस्तीत कामगारांचे दोन वर्ग दिसतात. कायम नोकरीत असलेल्या कामगाराला भविष्यनिर्वाह निधी मिळतो, उपदान मिळते. त्याच्या पश्चात पत्नीलाही काही आधार राहतो. परंतु ठेकेदाराकडे रोजंदारी करणारा मजूर, मालधक्क्यावरील हमाल, घरकाम करणारी स्त्री, हातगाडीवर भाजी विकणारा विक्रेता यांना हात चालतात तोवरच मिळकत असते. हात थकले की मिळकत थांबते. पोट मात्र थांबत नाही. शासकीय अर्थसाहाय्याची आवश्यकता येथे निर्माण होते.

सुस्थितीतील माणसाला दरमहा पाचशे किंवा हजार रुपये ही रक्कम किरकोळ वाटेल. ज्या वृद्धेला दुसरी मिळकत नाही, तिच्या दृष्टीने मात्र ती महिन्याची औषधे असते, चहासाखर असते, नातवाच्या हातावर ठेवलेले दोन रुपये असतात. सुनेपुढे किंवा जावयापुढे हात पसरावा लागू नये, एवढा स्वाभिमानही त्या रकमेत असतो. म्हणूनच ती एक महिना चुकली तरी त्या घरात तिचा अभाव जाणवतो.

२. दया नव्हे, हक्क

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ४१ मध्ये असे म्हटले आहे, की राज्याने आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत बेकारी, वार्धक्य, आजारपण व विकलांगता अशा प्रसंगी नागरिकांना सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा हक्क मिळवून देण्याची तरतूद करावी. हे मार्गदर्शक तत्त्व आहे. त्याच्या आधारे केंद्र शासनाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम सुरू केला. त्या वेळी निराधार वृद्धांसाठी केंद्राचा वाटा दरमहा ७५ रुपये होता. सन २००७ मध्ये योजनेस इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना हे नाव मिळाले आणि दारिद्र्यरेषेखालील पात्र वृद्धांपर्यंत तिचा विस्तार झाला. पुढे सन २००९ मध्ये विधवा व दिव्यांग व्यक्तींसाठी स्वतंत्र योजना आल्या. सन २०११ मध्ये वृद्धांसाठी वयाची अट ६५ वरून ६० वर्षांवर आणण्यात आली.

राज्ये या रकमेत आपापल्या परीने भर घालतात. महाराष्ट्रात सन १९८० पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना चालू आहे. छत्तीसगडमध्ये सामाजिक सुरक्षा निवृत्तिवेतनाची रक्कम सन २०२३ मध्ये ३५० वरून ५०० रुपये करण्यात आली. सन २०२४ पासून त्याच राज्यात महतारी वंदन योजनेखाली २१ वर्षांवरील पात्र विवाहित स्त्रियांना दरमहा १,००० रुपये देण्यात येतात. विधवा, घटस्फोटित व परित्यक्ता स्त्रियांचाही तीत समावेश आहे. 'महतारी' म्हणजे छत्तीसगडी बोलीत आई.

या साहाय्याकडे पाहण्याची दृष्टी न्यायालयाने बदलली. अन्नाच्या हक्कासंबंधीच्या खटल्यात २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला. त्यानुसार निवृत्तिवेतनासह अनेक कल्याणकारी योजनांना कायदेशीर हक्काचे स्वरूप आले. वृद्धांचे निवृत्तिवेतन दर महिन्याच्या ७ तारखेपर्यंत दिले जावे, असेही त्या आदेशात नमूद होते. जे दान असते त्याला तारीख नसते. जो हक्क असतो त्याला तारीख असते. वितरणाचा आणि देखरेखीचा सारा विचार या एका भेदावर उभा आहे.

३. पैशाची वाट

शासनाच्या तिजोरीतून निघालेला पैसा लाभार्थीपर्यंत कसा पोहोचतो, हे समजून घेतले म्हणजे तो कोठे अडतो हेही उमगते. या वाटेवर चार सांधे आहेत.

पहिला सांधा अर्ज आणि यादी यांचा. खेड्यात ग्रामपंचायतीकडे आणि शहरात नगर निगमाकडे अर्ज करावा लागतो. वय, उत्पन्न, निवास आणि वैधव्य किंवा दिव्यांगत्व यांचे पुरावे जोडावे लागतात. गरिबाजवळ नेमके हेच कागद नसतात. ज्या स्त्रीचा जन्म घरी झाला व जी कधी शाळेत गेली नाही, तिचे वय कशावरून ठरवावे? त्यातच गरिबांच्या याद्या जुन्या असतात. देशव्यापी सामाजिक, आर्थिक व जातविषयक गणना सन २०११ मध्ये झाली. तिच्यानंतर जी स्त्री विधवा झाली किंवा जे कुटुंब आजारपणामुळे गरिबीत ढकलले गेले, त्यांची बदललेली स्थिती त्या यादीत कशी दिसणार?

दुसरा सांधा यादी आणि बँक खाते यांचा. पूर्वी ही रक्कम टपालाने किंवा रोखीने वाटली जाई. १ जानेवारी २०१३ पासून देशात थेट लाभ हस्तांतरणाची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. सन २०१४ मध्ये जनधन योजनेने कोट्यवधी नवी खाती उघडली. महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी पहिले आधार क्रमांक देण्यात आले होते. तोच क्रमांक आता खात्याची खूण बनला. या पद्धतीमुळे मधल्या हातांची संख्या घटली, हा मोठा लाभ झाला. पण नवे प्रश्नही आले. आधारच्या साहाय्याने पाठवलेली रक्कम ज्या बँक खात्याशी आधार क्रमांक सर्वांत शेवटी जोडला असेल, त्या खात्यात जाते. एखाद्या वृद्धेने दुसऱ्या बँकेत नवे खाते उघडून तेथे आधार जोडला, तर पैसा त्या खात्यात जमा होत राहतो आणि ती मात्र जुन्या खात्याचे पुस्तक घेऊन बँकेत खेपा घालत राहते. कार्यालय म्हणते, 'रक्कम पाठवली'. बँक म्हणते, 'रक्कम आली नाही'. दोघांचे म्हणणे खरे असते, तरी ती रिकाम्या हाताने परतते.

तिसरा सांधा खाते आणि हात यांचा. बँकेची शाखा दूर असेल, तर बँकमित्राकडे बोटाचा ठसा देऊन पैसे काढता येतात. परंतु ज्यांनी आयुष्यभर विटा उचलल्या, भांडी घासली, त्यांच्या बोटांवरील रेषा झिजलेल्या असतात. यंत्र त्यांना ओळखत नाही. कधी जोडणी नसते, कधी वीज नसते. कधी पैसे देणारा त्यातून दहावीस रुपये कापून घेतो, आणि ज्याला अक्षरओळख नाही त्याला ते कळतही नाही.

चौथा सांधा सर्वांत नाजूक. सुरू असलेले साहाय्य बंद करण्याचा निर्णय येथे घेतला जातो. लाभार्थी हयात आहे किंवा नाही, ती अद्याप पात्र आहे किंवा नाही, याची पडताळणी वेळोवेळी करावीच लागते. परंतु ही पडताळणी घाईने झाली, तर जिवंत माणूस कागदावर मृत ठरतो. सन २०२२ मध्ये हरियाणातील रोहतक येथे १०२ वर्षांच्या एका वृद्धाचे निवृत्तिवेतन असेच बंद झाले. कागदपत्रांत त्याला मृत दाखवण्यात आले होते. आपण जिवंत आहोत हे सिद्ध करण्यासाठी त्याने नवरदेवाप्रमाणे नोटांची माळ गळ्यात घालून वाजतगाजत वरात काढली. तेव्हा कोठे त्याचे निवृत्तिवेतन पुन्हा सुरू झाले. ज्याला वरात काढणे जमत नाही, त्याने काय करावे, हा प्रश्न त्या वरातीने मागे ठेवला.

४. दोन प्रकारच्या चुका

अर्थसाहाय्याच्या योजनेत दोन प्रकारच्या चुका होऊ शकतात. अपात्र व्यक्तीला लाभ मिळणे ही पहिली चूक, आणि पात्र व्यक्ती वंचित राहणे ही दुसरी.

पहिल्या चुकीचा गाजावाजा होतो. डिसेंबर २०२४ मध्ये बस्तर जिल्ह्यात महतारी वंदन योजनेची रक्कम एका प्रसिद्ध चित्रपट अभिनेत्रीच्या नावाने काढली जात असल्याचे उघड झाले. एका पुरुषाने त्या नावाने अर्ज केला होता आणि पडताळणीत तो कोणाच्या लक्षात आला नव्हता. देशभर त्याची चर्चा झाली. महाराष्ट्रात सन २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेतही पुढील वर्षी सुमारे २६ लाख लाभार्थी अपात्र असल्याचे शासनास आढळले व त्यांचा लाभ स्थगित करण्यात आला. पुरुषांनीही लाभ घेतल्याचे त्या तपासणीत दिसून आले. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रमाचे लेखापरीक्षण करून सन २०२३ मध्ये अहवाल सादर केला. मृत्यूनंतरही दोन हजारांहून अधिक लाभार्थींच्या नावे रक्कम दिली गेल्याची नोंद त्यात आहे. गरिबांच्या निवृत्तिवेतनासाठी असलेल्या निधीतील २ कोटी ८३ लाख रुपये मंत्रालयाने इतर योजनांच्या प्रसिद्धीसाठी वापरले, हेही त्याच अहवालाने निदर्शनास आणले. सार्वजनिक पैशाची अशी हानी निश्चितच निषेधार्ह आहे.

दुसरी चूक मूक असते. जी निराधार विधवा यादीत आलीच नाही, तिच्याविषयी कोणतीही बातमी होत नाही. तिच्या नावाची नोंद नसल्यामुळे ती कोणत्याही तक्त्यात मोजली जात नाही. अपात्राला दिलेला रुपया हिशेबाच्या वहीत शोधून काढता येतो. पात्राला न दिलेला रुपया वहीत दिसतच नाही. त्यामुळे देखरेख करणाऱ्या यंत्रणेचे लक्ष स्वाभाविकपणे पहिल्या चुकीकडेच वळते. अपात्रांना वगळण्याची मोहीम निघते, नवे पुरावे मागवले जातात, मुदती दिल्या जातात; आणि त्या मोहिमेच्या ओघात अनेक पात्र व्यक्तीही वगळल्या जातात.

ही गोष्ट केवळ आपल्याच देशात घडते असे नाही. नेदरलँड्स या समृद्ध देशात मुलांच्या संगोपनासाठी पालकांना अर्थसाहाय्य मिळते. फसवणूक शोधण्याच्या उत्साहात तेथील कर विभागाने हजारो पालकांवर चुकीचा ठपका ठेवून मोठाल्या रकमा परत मागितल्या. अनेक कुटुंबे कर्जबाजारी झाली. सत्य बाहेर आल्यावर जानेवारी २०२१ मध्ये तेथील मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. एकाच डोळ्याने पाहणारी देखरेख किती अन्याय करू शकते, याचे हे उदाहरण आहे.

यावरून एक महत्त्वाचा निकष हाती येतो. किती अपात्र व्यक्ती वगळल्या, हा देखरेखीचा अर्धा हिशेब झाला. सुटलेल्या किती पात्र व्यक्ती शोधून आत आणल्या, हे सांगितल्याशिवाय तो हिशेब पूर्ण होत नाही.

५. छत्तीसगडच्या शिधावाटपाचा धडा

वितरण सुधारणे शक्य आहे काय? याचे उत्तर छत्तीसगडलाच मिळालेले आहे. मात्र ते रोख रकमेच्या योजनेत मिळाले नसून धान्यवाटपात मिळाले आहे. धान्य असो वा पैसा, गरजूपर्यंत तो पोहोचवण्याची यंत्रणा सारखीच असते. म्हणून हा अनुभव येथे उपयोगी ठरतो.

राज्य स्थापन झाले तेव्हा येथील सार्वजनिक वितरण व्यवस्था दुर्बळ होती. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ व रीतिका खेरा यांच्या अभ्यासानुसार सन २००४-०५ मध्ये स्वस्त धान्यापैकी जवळजवळ निम्मे धान्य वाटेतच नाहीसे होत असे. सन २००९-१० पर्यंत हे प्रमाण सुमारे एक दशांशावर आले. हा बदल कोणत्याही एका उपायाने घडला नाही. सन २००४ च्या आदेशाने खाजगी दुकानदारांकडील रास्त भाव दुकाने काढून ती ग्रामपंचायती, महिला बचतगट व सहकारी संस्था यांच्याकडे सोपवण्यात आली. दुकान चालवणाऱ्याला प्रामाणिकपणे चालवणे परवडावे म्हणून त्याचे कमिशन वाढवण्यात आले. धान्य वाहणारे ट्रक पिवळ्या रंगाने रंगवण्यात आले, म्हणजे ते गावात आले की सर्वांना दिसावेत. नोंदी संगणकावर आल्या. तक्रारीसाठी दूरध्वनी क्रमांक देण्यात आला.

याहून महत्त्वाचा एक बदल झाला. शिधापत्रिका मिळणाऱ्या कुटुंबांची संख्या बरीच वाढवण्यात आली. योजना मूठभर अतिगरिबांपुरती असते, तेव्हा तिच्यासाठी बोलणारा कोणी नसतो. कारण अतिगरिबाचा आवाज सर्वांत क्षीण असतो. गावातील बहुतेक घरांना दुकानातून धान्य मिळू लागले, तेव्हा दुकान वेळेवर उघडावे ही साऱ्या गावाचीच गरज बनली. दुकान बंद असेल तर शिक्षकही विचारू लागला आणि शेतकरीही. त्या आवाजाचा लाभ त्यांच्यामागे रांगेत उभ्या असलेल्या मजूर स्त्रीलाही झाला. सन २०१२ मध्ये राज्याने स्वतःचा अन्नसुरक्षा कायदा संमत केला.

तथापि एकदा सुधारलेली व्यवस्था आपोआप सुधारलेली राहत नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये राज्याच्या नागरी पुरवठा महामंडळाच्या कार्यालयांवर लाचलुचपत प्रतिबंधक यंत्रणेने छापे घातले आणि तांदळाच्या खरेदीतील व्यवहारांचा तपास सुरू झाला. घराची साफसफाई जशी रोज करावी लागते, तशी सार्वजनिक व्यवस्थेवरील देखरेखही नित्य करावी लागते.

६. देखरेख कशी असावी?

आतापर्यंतच्या विवेचनावरून चांगल्या वितरणाची काही लक्षणे सांगता येतील.

पहिले लक्षण म्हणजे उघडी यादी. लाभार्थींची नावे ग्रामपंचायतीच्या किंवा प्रभागाच्या फलकावर सर्वांना वाचता येतील अशी लावली, तर कोण खोटा आहे हे शेजाऱ्यांना लगेच कळते. आणि कोण सुटला आहे हेही त्यांनाच सर्वांत आधी कळते. यादीत आधार क्रमांक किंवा खाते क्रमांक मात्र कधीही असू नये. नाव आणि रक्कम ही सार्वजनिक माहिती आहे. खात्याची किल्ली ही ज्याची त्याची आहे.

दुसरे लक्षण ठरलेली तारीख. रक्कम कोणत्या तारखेस जमा होणार हे ठाऊक असेल, तरच विलंब झाला हे कळते आणि त्याविषयी विचारता येते. तारीख नसेल तर वाट पाहणेच हाती उरते.

तिसरे लक्षण लेखी कारण. अर्ज नाकारला किंवा चालू साहाय्य बंद केले, तर त्याचे कारण संबंधित व्यक्तीला तिला समजेल अशा भाषेत कळवले पाहिजे. बंद करण्यापूर्वी तिचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. ज्याच्याविरुद्ध निर्णय घ्यावयाचा त्याला बोलण्याची संधी द्यावी, हे न्यायाचे जुने तत्त्व आहे. पाचशे रुपयांच्या निर्णयालाही ते लागू पडते.

चौथे लक्षण पर्यायी वाट. यंत्राने बोट ओळखले नाही, तर माणसाने माणसाला ओळखावे. आधारविषयक सन २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याविषयी चिंता व्यक्त केली होती. ओळख पटवण्यातील तांत्रिक अपयशामुळे खरा गरजू लाभापासून वंचित राहू नये, असा त्यातील विचार होता. यंत्र सोयीसाठी असते. ते द्वारपाल होऊन बसले, तर सोयीचीच गैरसोय होते.

पाचवे लक्षण सामाजिक अंकेक्षण. कार्यालयातील हिशेब लोकांसमोर मोठ्याने वाचून दाखवणे व तो प्रत्यक्षाशी ताडून पाहणे, असा त्याचा सोपा अर्थ आहे. राजस्थानातील मजूर किसान शक्ती संघटनेने सन १९९४ पासून जनसुनावण्या घेऊन ही पद्धत रुजवली. मजुरीच्या हजेरीपटावरील नावे लोकांसमोर वाचली जात. ज्याचे नाव येई तो उठून सांगे, की आपण त्या कामावर गेलोच नव्हतो. सन २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने ग्रामसभेकडून असे अंकेक्षण करण्याची तरतूद केली. शहरात मात्र ग्रामसभा नसते. भिलाई-३ सारख्या ठिकाणी एका प्रभागात हजारो माणसे राहतात आणि शेजाऱ्याचे नावही अनेकदा ठाऊक नसते. त्यामुळे प्रभागनिहाय यादीवाचन आणि बचतगटांच्या व ज्येष्ठ नागरिक मंडळांच्या साहाय्याने घरोघरची खातरजमा यांची गरज शहरात अधिकच आहे. अंगणवाडी सेविकेला गल्लीतील प्रत्येक घर माहीत असते. तिच्यावर कागदांचा भार न टाकता तिची माहिती वापरणे हे शहाणपणाचे ठरेल.

शेवटचा मुद्दा रकमेच्या मूल्याचा. साठ ते एकोणऐंशी वर्षे वयाच्या वृद्धांसाठी केंद्राचा दरमहा २०० रुपयांचा वाटा ठरला, तो सन २००७ च्या सुमाराचा आहे. त्यानंतर बाजारातील प्रत्येक वस्तूची किंमत वाढली. हा आकडा तसाच राहिला. संसदेच्या स्थायी समितीने तो वाढवण्याची शिफारस वेळोवेळी केली आहे. रक्कम नियमित पोहोचणे आणि पोहोचलेल्या रकमेत काही विकत घेता येणे, या दोन्ही गोष्टी मिळून साहाय्य पूर्ण होते.

७. नागरिकाच्या हाती काय आहे?

देखरेख हे केवळ अधिकाऱ्याचे काम नाही. लिहितावाचता येणाऱ्या प्रत्येक नागरिकाला त्यात वाटा उचलता येतो, आणि साक्षरतेचे खरे मोलही येथेच कळते.

अर्ज दिल्यावर पोच घ्यावी आणि तिच्यावर तारीख व शिक्का आहे ना, हे पाहावे. बँकेच्या पुस्तकात नोंदी भरून घ्याव्यात. आधार कोणत्या बँकेशी जोडला आहे, याची बँकेत चौकशी करावी. बँकमित्राकडून पैसे घेतल्यावर यंत्रातून निघणारी पावती मागावी आणि तीवरील आकडा हातातील रकमेशी ताडून पाहावा. साधे मूलभूत बचत खाते असेल, तर त्यातून महिन्यात किमान चार वेळा पैसे काढण्यास शुल्क पडत नाही. आपला गुप्त क्रमांक कोणालाही सांगू नये.

रक्कम थांबली व तोंडी चौकशीने उत्तर मिळाले नाही, तर माहितीच्या अधिकाराचा उपयोग करावा. सन २००५ च्या या कायद्यानुसार संबंधित कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे साध्या कागदावर अर्ज करता येतो. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला अर्जाचे शुल्क लागत नाही. ज्याला लिहिता येत नाही, त्याचे तोंडी म्हणणे लिहून घेण्यास मदत करणे हे त्या अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. उत्तर तीस दिवसांच्या आत मिळावयास हवे. न मिळाल्यास त्याच कार्यालयातील वरिष्ठांकडे तीस दिवसांत पहिले अपील आणि त्यानंतर राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते.

अर्जात प्रश्न नेमके असावेत. 'माझे पैसे का मिळत नाहीत?' असे विचारण्यापेक्षा पुढीलप्रमाणे विचारावे : माझे निवृत्तिवेतन कोणत्या महिन्यापासून थांबवले आहे? कोणत्या आदेशाने? त्या आदेशाची प्रत द्यावी. शेवटची रक्कम कोणत्या तारखेस, कोणत्या बँकेकडे पाठवली? नेमका प्रश्न विचारला, की नेमके उत्तर द्यावे लागते.

याखेरीज शासनही अधूनमधून लोकांच्या दारी येते. छत्तीसगडमध्ये ८ एप्रिल ते ३१ मे २०२५ या काळात 'सुशासन तिहार' नावाचा उपक्रम झाला. आरंभी गावोगावी व नगरपालिकांच्या कार्यालयांत समाधान पेट्या ठेवून अर्ज घेण्यात आले, मग त्यांची छाननी झाली आणि शेवटी शिबिरांतून अर्जदारांना उत्तरे देण्यात आली. 'तिहार' म्हणजे सण. अशा संधीचा लाभ अवश्य घ्यावा. मात्र हक्क सणापुरता नसतो. वर्षातील कोणत्याही कामाच्या दिवशी खिडकीपाशी उभ्या राहिलेल्या वृद्धेला नीट उत्तर मिळते काय, यावरून त्या कार्यालयाची परीक्षा होते.

यंत्रे बदलतील, योजनांची नावे बदलतील, रकमाही बदलतील. यादीत कोण नाही, हा प्रश्न मात्र प्रत्येक योजनेत विचारावा लागेल. तो विचारण्यासाठी मोठा अधिकार लागत नाही. फलकावरील यादी वाचता यावी आणि शेजारच्या घराची माहिती असावी, एवढे पुरते.

शब्दार्थ

उपदान : दीर्घ सेवेनंतर कामगाराला मिळणारी एकरकमी रक्कम
परित्यक्ता : पतीने सोडून दिलेली स्त्री
थेट लाभ हस्तांतरण : शासकीय रक्कम सरळ लाभार्थीच्या बँक खात्यात जमा करण्याची पद्धत
पडताळणी : खरेखोटे तपासून पाहणे
सामाजिक अंकेक्षण : लोकांनी लोकांसमोर केलेली हिशेबाची तपासणी
द्वारपाल : दारावरचा पहारेकरी
अपील : निर्णयाविरुद्ध वरिष्ठांकडे केलेली मागणी

स्वाध्याय

१. पैशाच्या वाटेवरील चार सांधे कोणते? प्रत्येकाविषयी दोन वाक्ये लिहा.
२. 'जे दान असते त्याला तारीख नसते. जो हक्क असतो त्याला तारीख असते.' या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
३. अर्थसाहाय्याच्या योजनेतील दोन प्रकारच्या चुकांपैकी दुसरी चूक सहसा लक्षात का येत नाही?
४. शिधापत्रिकाधारकांची संख्या वाढल्याचा लाभ छत्तीसगडमधील अतिगरीब कुटुंबांना कसा झाला?
५. आपल्या परिसरातील एका वृद्ध व्यक्तीचे निवृत्तिवेतन तीन महिन्यांपासून बंद आहे असे समजून, माहितीच्या अधिकाराखाली करावयाच्या अर्जाचा नमुना तयार करा.
६. उपक्रम : आपल्या ग्रामपंचायतीत किंवा प्रभाग कार्यालयात लाभार्थींची यादी लावलेली आहे काय, ते पाहा. यादीत नसलेली परंतु पात्र वाटणारी एखादी व्यक्ती आढळल्यास तिला अर्ज भरण्यास मदत करा आणि आपला अनुभव दहा ओळींत लिहा. त्या व्यक्तीचे नाव लिहू नका.